यंत्रयुगातला कोठावळा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेठेतल्या दुकानांतून अजूनही वहीपूजन होते. कोऱ्या लाल वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, ‘श्री’ लिहिला जातो, आणि जिने वर्षभर घरादाराचा जमाखर्च सांभाळायचा तिच्यापुढे मालक हात जोडतो. यात नुसती भक्ती आहे असे कोणी समजू नये. त्यात रोकडा व्यवहारही आहे. वही गेली की उधारी गेली, उधारी गेली की पत गेली, आणि पत गेली की दुकानाच्या फळ्या लावून घरी बसायचे, हे व्यापाऱ्याला बाळकडूतच मिळालेले असते.

पण वाचकहो, ही वही आता बहुतेक ठिकाणी पूजेपुरतीच उरली आहे! खरा जमाखर्च गेला आहे संगणकात. भोसरीच्या वर्कशॉपमधल्या कामगाराचा पगार, चाकणच्या कारखान्यात जुळणाऱ्या मोटारीच्या एकेका सुट्या भागाचे ड्रॉइंग, बँकेतली आपली ठेव, रुग्णालयातला आपल्या आईचा तपासणीचा अहवाल, या साऱ्यांची वही आता एकच. ती वही जळली तर? बुडाली तर? चोरांच्या हाती लागली तर? किंवा, जे सर्वांत जास्त वेळा घडते ते घडले, म्हणजे कोणा शहाण्याच्या बोटाखाली चुकीची कळ दाबली जाऊन ती पुसलीच गेली तर?

या ‘तर’चे उत्तर तयार ठेवणारी मंडळी आपल्या आसपासच राहतात, आणि आपल्याला त्यांचा पत्ताही नसतो. पवनेच्या काठचे पिंपळे सौदागर एके काळी शेतामळ्यांचे गाव होते. आज शिवार चौकापासून कोकणे चौकापर्यंत उंच इमारतींच्या रांगा उभ्या आहेत आणि एकेका जिन्यावर चार-पाच तरी संगणकवाले सापडतात. कोणी हिंजवडीला जातो, कोणी पिंपरी-चाकणच्या कारखान्यांत. त्यांतलाच एखादा तरुण रात्री नऊच्या सुमारास जेवणाचा डबा घेऊन जिना उतरताना दिसतो. शेजारच्या काकू हटकतात, “काय रे, कंप्यूटरचं काम म्हणतोस, मग रात्रीचा कुठे जातोस?” तो हसून म्हणतो, “काकू, दिवसा सगळे लिहितात. रात्री आम्ही त्याची नक्कल काढून ठेवतो.” काकूंचे समाधान होते की नाही कोण जाणे! परंतु त्या एका वाक्यात एका सबंध धंद्याचे मर्म आले आहे. त्या धंद्याचे नाव बॅकअप. नकला जेथे ठेवतात ती टेप लायब्ररी, आणि तिच्यावर नजर ठेवणारा हा तरुण म्हणजे यंत्रयुगातला कोठावळा.

इंद्रायणीकाठची जुनी गोष्ट

नक्कल काढून दुसरीकडे ठेवावी, ही अक्कल परदेशातून आली असे कोणी म्हणेल तर त्याला देहूला न्यावे. पिंपरी-चिंचवडला लागूनच ते आहे. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तेरा दिवस महाराज उपोषण करून शिळेवर बसले, आणि वह्या कोरड्या वर आल्या, ही कथा महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक आहे. भाविक त्याला चमत्कार म्हणतात. चिकित्सक म्हणतात की गाथा लोकांच्या कंठात होती, म्हणून ती बुडाली नाही. या वादात आपण कशाला पडा? एवढे मात्र खरे की चाकणचे संताजी तेली जगनाडे तुकोबांचे अभंग आपल्या हाताने उतरवून घेत असत. त्यांच्या हातच्या वह्या पुढे पिढ्यानपिढ्या टिकल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. ल. भावे यांनी जी गाथा छापून काढली ती याच वह्यांच्या आधाराने. आजच्या मोटारींच्या चाकणाने महाराष्ट्राला दिलेला हा पहिला बॅकअप म्हटला तर कोणी रागावू नये. संताजींची समाधी सुदुंबऱ्याला आहे.

नक्कल नसली म्हणजे काय होते, याचेही दाखले पुण्याने पाहिले आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतून किती घरांची दप्तरे, वह्या आणि पोथ्या पाण्याबरोबर गेल्या त्याची गणती नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठीला आग लागली. तेथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेटची जुनी रिळे होती. नायट्रेट ही वस्तू अशी की पेटली म्हणजे विझवता विझत नाही. ज्या चित्रपटांची दुसरी प्रत अन्यत्र होती ते उरले, ज्यांची नव्हती ते केवळ नावापुरते राहिले. पाणी आणि आग यांना भेदभाव ठाऊक नसतो. ठाऊक असावयास हवा तो आपल्याला!

अजून टेपच?

येथे कोणी तरुण वाचक म्हणेल, “अहो, टेप म्हणजे आमच्या आजोबांच्या कॅसेटी! त्या केव्हाच मोडीत गेल्या की!” गाण्याच्या गेल्या हे कबूल, पण संगणकाच्या टेपने अजून मान टाकलेली नाही. आय.बी.एम. कंपनीने आपले पहिले टेप-यंत्र १९५२ साली बाजारात आणले. अर्ध्या इंच रुंदीची ती फीत रिळावर गुंडाळलेली असे आणि एका रिळात सुमारे २० लाख अक्षरे मावत. आज जगभर चालते ती एल.टी.ओ. नावाची टेप. तिचा जन्म २००० सालचा. तळहातावर मावेल एवढा चौकोनी डबा, आत एकच रीळ, फीत तीच, अर्ध्या इंचाची. पण २०२१ साली आलेल्या नवव्या पिढीच्या एका टेपमध्ये, दाबून न बसवताही, १८ टेराबाइट म्हणजे १८ लाख कोटी अक्षरे मावतात! फितीची लांबी किलोमीटरहून अधिक, आणि जाडी हजार भागांतल्या एका मिलिमीटरच्या जेमतेम पाचपट. म्हणजे १९५२ ची ९० लाख रिळे आजच्या एका डब्यात बसली. आपल्या घरांच्या बाबतीत उलटे झाले. माणसे तेवढीच, जागा अपुरी!

टेप स्वस्त आहे, वीज न खाता वर्षानुवर्षे पडून राहते, आणि नीट थंड, कोरड्या जागी ठेवली तर तीस वर्षे टिकावी असे बनवणारे सांगतात. परंतु तिचा खरा गुण निराळाच आहे. टेप कपाटातल्या खणात पडलेली असते तेव्हा ती कोणत्याही तारेला जोडलेली नसते. हल्ली संगणकावर दरोडा घालणारे लोक सगळी माहिती कुलूपबंद करून टाकतात आणि किल्लीसाठी खंडणी मागतात. तारेने जोडलेली प्रत्येक वस्तू त्यांच्या हाती लागते, जोडलेल्या नकलासुद्धा. खणात निवांत पडलेल्या टेपपर्यंत मात्र दरोडेखोराचा हात पोचत नाही. त्यासाठी त्याला स्वतः जिना चढून यावे लागेल, आणि जिन्याशी रखवालदार बसलेला असतो!

हा गुण किती मोलाचा आहे ते फेब्रुवारी २०११ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. जीमेलच्या दर दहा हजारांतल्या दोन गिऱ्हाइकांनी सकाळी उठून पाहिले तो त्यांची पत्रपेटी रिकामी! गूगलसारख्या बलाढ्य कंपनीने प्रत्येक पत्राच्या अनेक नकला निरनिराळ्या ठिकाणी ठेवलेल्या होत्या. पण चूक होती त्यांच्याच आज्ञावलीत, म्हणून ती चूक सर्व नकलांना एकाच वेळी बाधली. अखेर लोकांची पत्रे परत आली ती टेपवरून. टेप तारेला जोडलेली नव्हती, म्हणून ती त्या रोगातून सुटली होती.

भिंतीएवढे कपाट आणि यंत्राचा हात

टेप लायब्ररी म्हणजे काय? दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटाची कल्पना करा, परंतु दार काचेचे आणि कंपाउंडर आत कोंडलेला! आत दोन्ही बाजूंना ओळीने खण असतात, त्यांना स्लॉट म्हणतात. लहान कपाटात चोवीस, मोठ्यात हजारो. एका बाजूला टेप वाचणारी आणि लिहिणारी यंत्रे, म्हणजे ड्राइव्ह. आणि मधल्या बोळातून वरखाली, पुढेमागे धावणारा एक यांत्रिक हात. संगणकाने हुकूम सोडला की तो हात नेमक्या खणाशी जातो, टेप चिमटीत धरतो, ड्राइव्हच्या तोंडात देतो, काम झाले की पुन्हा खणात नेऊन ठेवतो. रात्रभर हे चाललेले असते. न थकता, न चहा मागता!

हा हात टेप ओळखतो कशी? टेपच्या कडेवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. किराणा मालाच्या पुड्यावर असतात तशा बारीकजाड काळ्या रेघा, म्हणजे बारकोड, आणि खाली सहा अक्षरांचे नाव व पुढे पिढीची खूण. उदाहरणार्थ, ‘ए०००१२ एल९’. यंत्राच्या हाताला एक डोळा असतो, तो या रेघा वाचतो. शिवाय टेपच्या पोटात एक इवलीशी चीप बसवलेली असते. ती टेप किती वेळा चढली, कोठे अडखळली, याचे टिपण तिच्यात राहते. जणू टेपची जन्मपत्रिकाच!

येथवर सारे सोपे वाटते. आता खरी गोष्ट सांगतो. यंत्राच्या हाताला चिठ्ठी वाचता येते, पण त्या टेपच्या आत काय आहे ते त्याला मुळीच ठाऊक नसते. ‘ए०००१२’ या टेपवर कोणत्या रात्रीचा, कोणत्या यंत्राचा, कोणता हिशेब आहे, ती कधीपर्यंत जपायची, ती कपाटात आहे की बाहेरगावी, हे सारे असते एका नोंदवहीत. तिला कॅटलॉग म्हणतात. वाचकहो, साऱ्या लायब्ररीचा जीव या वहीत आहे.

खोटे वाटत असेल तर हिशेब करून पाहा. नवव्या पिढीची भरलेली टेप पूर्ण वेगाने वाचायला सुमारे साडेबारा तास लागतात. समजा, आपल्याजवळ अशा २०० टेप आहेत, ड्राइव्ह दोन आहेत, आणि कॅटलॉग जळून गेला. कोणत्या टेपवर काय आहे हे शोधण्यासाठी सगळ्या टेप एकामागून एक वाचायच्या झाल्या तर सतत रात्रंदिवस काम करून बावन्न दिवस लागतील! माल सगळा कोठारात आहे, एकही दाणा हरवलेला नाही, आणि तरीही पगाराचा दिवस टळून जातो. म्हणून जाणते लोक प्रथम कॅटलॉगचीच नक्कल काढतात, आणि ती कोणत्या टेपवर आहे हे कागदावर लिहून वेगळ्या जागी कुलुपात ठेवतात. होय, साध्या कागदावर! वहीपूजेचे महत्त्व येथे पुन्हा येते.

जुन्या पुणेकरांना हे नवे नाही. पेशवे दप्तरातले कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, हजारोंच्या संख्येने. रुमाल सुरक्षित होते, पण कोणत्या रुमालात काय दडले आहे हे कळायला माणसांना वर्षे घालवावी लागली. रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली ते धुंडाळले गेले तेव्हा त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. तोवर ते कागद होते आणि नव्हतेही.

आजोबा, वडील आणि मुलगा

रोज नवी टेप वापरायची म्हटले तर कंपनीचे दिवाळे निघेल. म्हणून या धंद्यात एक जुनी, घरगुती पद्धत आहे. तिचे नावच ‘आजोबा-वडील-मुलगा’. रोज रात्री निघणारी नक्कल हा मुलगा. तो आठवडाभर जगतो, आणि पुढच्या आठवड्यात त्याच टेपवर नवी नक्कल चढते. दर आठवड्याची पूर्ण नक्कल हे वडील, त्यांना महिनाभर ठेवायचे. आणि महिन्याच्या अखेरची नक्कल म्हणजे आजोबा. त्यांना वर्षभर वा त्याहून अधिक जपायचे, आणि शक्यतो दुसऱ्या गावी ठेवायचे. आपल्या घरातही लहानगा रोज कपडे बदलतो आणि आजोबा गावच्या घरी शांत बसलेले असतात, तसेच हे.

मुदत संपलेली टेप पुन्हा वापरण्यासाठी मोकळी होते. तिला स्क्रॅच म्हणतात. येथेच कोठावळ्याची परीक्षा असते. मुदत कमी धरली तर हवी असलेली नक्कल पुसली जाते. मुदत जास्त धरली तर एके रात्री मोकळी टेपच उरत नाही, काम अडून राहते, आणि सकाळी साहेब विचारतात, “काल रात्रीची नक्कल कुठे आहे?” तेव्हा मान खाली घालावी लागते. म्हणून चांगला कोठावळा सकाळी पहिल्यांदा तीन गोष्टी पाहतो. रात्रीचे कोणते काम फसले? उद्यासाठी मोकळ्या टेप किती? आणि कपाटातल्या टेप व वहीतल्या टेप यांचा मेळ बसतो का?

टेप हरवते ती बहुधा चोरीने नव्हे, आळसाने. कोणी कपाटाचे दार उघडून घाईघाईने दोन टेप काढतो आणि टेबलावर ठेवून जेवायला जातो. वहीत त्या अजून खणातच! यंत्राचा हात बिचारा रिकाम्या खणाशी जाऊन परत येतो. कोणी नव्या टेपवर जुन्याच आकड्याची चिठ्ठी लावतो, मग एका नावाचे दोन इसम होतात आणि कोणाच्या पोटात काय, कळेनासे होते. कोणी चिठ्ठी तिरपी चिकटवतो, ती ड्राइव्हमध्ये सुटते आणि यंत्र अडते. ड्राइव्हचे तोंड साफ करण्यासाठी निराळी टेप असते. ती साधारण पन्नास वेळा चालते. पुढेही तीच चढवत राहिले तर झाडूच मळलेला, घर कसले साफ होणार? या चुका क्षुल्लक दिसतात. पण संकटाच्या रात्री त्यांची किंमत शेकडो माणसांना द्यावी लागते.

पेटी बाहेर पडते तेव्हा

नक्कल मूळ वस्तूच्या शेजारीच ठेवली तर ती नक्कल नव्हे, भ्रम होय. म्हणून आजोबा-टेप पेटीत भरून दुसऱ्या इमारतीत, शक्य तर दुसऱ्या शहरात पाठवतात. पवनेच्या काठची नक्कल पवनेच्याच दुसऱ्या काठावर ठेवली तर पुराच्या दिवशी दोन्ही एकदमच भिजणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

परंतु पेटी दाराबाहेर पडली की धोका सुरू होतो. फेब्रुवारी २००५ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने जाहीर केले की तिच्या काही बॅकअप टेप वाहतुकीत गहाळ झाल्या असून त्यांवर सुमारे १२ लाख सरकारी कर्मचाऱ्यांची माहिती आहे. तिजोरी फुटली नाही, पहारेकरी झोपला नाही, एक पेटी वाटेत हरवली, एवढेच! अशा प्रसंगांनंतर टेपवरचा मजकूर गुप्तलिपीत लिहिण्याची गरज सर्वांना पटली, आणि २००७ च्या चौथ्या पिढीपासून ही सोय एल.टी.ओ.च्या ड्राइव्हमध्येच आली. मात्र त्याने एक नवी जोखीमही आली. गुप्तलिपीची किल्ली हरवली तर टेप म्हणजे दगड. म्हणजे आता टेपच्या नोंदीबरोबर किल्लीचीही नोंद ठेवणे आले.

पेटी पाठवताना काय लिहून ठेवावे? कोणत्या टेप, किती, कोणी दिल्या, कोणी घेतल्या, पेटीचे सील कोणत्या आकड्याचे, आणि परत यायची तारीख कोणती. दोन सह्या, दोन प्रती. मालट्रकचे चलन भरताना चाकणचा माणूस जेवढी काळजी घेतो, तेवढीच येथे हवी. गंमत अशी की लोखंडाच्या पत्र्याचे चलन हरवले तर ओरड होते, आणि कंपनीचा सबंध भूतकाळ पेटीत भरून जातो त्याचे चलन कोणी विचारीत नाही!

चंद्राच्या फिती

मोठमोठ्यांची फजिती कशी होते ते ऐका. जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला. चंद्रावरून येणारे चित्र दूरचित्रवाणीवर दाखवण्यापूर्वी त्याचे रूप बदलावे लागले, त्यात त्याची स्पष्टता गेली. मूळचे, अधिक स्वच्छ चित्र टेपवर उतरवले होते. पुढे अनेक वर्षांनी त्या टेप शोधायला नासाचे लोक निघाले. वखारी धुंडाळल्या, जुने कागद चाळले. २००९ साली त्यांनी जो निष्कर्ष जाहीर केला तो असा, की कोऱ्या टेपांची टंचाई होती त्या काळात या टेप बहुधा पुसून पुन्हा वापरण्यात आल्या! कोणी खलपुरुष नव्हता. कोणा कोठावळ्याने नियमाप्रमाणे काम केले असणार. ‘ही मोलाची आहे, पुसू नये’ अशी नोंद मात्र कोणी केली नव्हती. जगाने पाहिलेले चित्र उरले, पण त्याहून चांगले गेले ते गेलेच.

याच चंद्राची दुसरी कथा उलट आहे. १९६६-६७ मध्ये चंद्राभोवती फिरलेल्या लूनर ऑर्बिटर यानांनी पाठवलेली छायाचित्रे टेपवर होती. नासाच्या नॅन्सी इव्हान्स या बाईंनी त्या टेप फेकू दिल्या नाहीत. एवढेच नव्हे, तर त्या वाचणारी फ्रिजएवढी अवजड यंत्रेही त्यांनी वर्षानुवर्षे आपल्या घरच्या गॅरेजमध्ये सांभाळली. त्या यंत्रांची दुरुस्ती होऊन २००८ मध्ये पहिले चित्र पुन्हा उजळून निघाले. चंद्राच्या क्षितिजावर आपली पृथ्वी, पूर्वी कधी पाहिली नव्हती इतकी स्पष्ट!

बाईंच्या गॅरेजने शिकवलेला धडा हा, की टेप जपणे पुरेसे नाही, ती वाचणारे यंत्रही जपावे लागते. एल.टी.ओ.चे ड्राइव्ह सातव्या पिढीपर्यंत आपल्या मागच्या दोन पिढ्या वाचू शकत. २०१७ च्या आठव्या पिढीचे ड्राइव्ह मागची एकच पिढी वाचू लागले. २०२५ मध्ये आलेले दहाव्या पिढीचे ड्राइव्ह तर मागची एकही टेप घेत नाही! आजोबा बोलतात, पण नातवाला ती भाषा येत नाही. म्हणून दर काही वर्षांनी जुन्या टेपवरचा मजकूर नव्यावर उतरवणे, हेही कोठावळ्याच्याच माथी येते.

आणि हे सारे कशासाठी? पुणे-नाशिक रस्त्याने चाकण ओलांडून नारायणगावाकडे गेले की खोडदच्या माळावर जी.एम.आर.टी.च्या प्रचंड तबकड्या दिसतात. एकूण ३० आहेत, आणि एकेकीचा व्यास ४५ मीटर. सुरुवातीच्या काळात निरीक्षण करून जाणारे शास्त्रज्ञ आपली माहिती टेपवर घेऊन जात. तेथे २०१० ते २०१२ या काळात आकाशाचे एक मोठे सर्वेक्षण झाले. जपून ठेवलेली तीच निरीक्षणे नव्या पद्धतीने पुन्हा तपासली गेली आणि २०१७ साली त्यांतून आकाशाच्या नव्वद टक्के भागाचा रेडिओ नकाशा, सहा लाखांहून अधिक ठिकाणांसह, प्रसिद्ध झाला. निरीक्षण जुनेच, ज्ञान नवे! ती निरीक्षणे कोणी जपली नसती, किंवा जपून कोठे ठेवली ते विसरले असते, तर?

परीक्षा रिस्टोअरची

टेपवर नक्कल घेतली म्हणजे काम संपले असे मानणारे लोक पुष्कळ असतात. रोज सकाळी पडद्यावर हिरवी खूण दिसते आणि सगळे निश्चिंत होतात. पण ती टेप परत वाचून पाहिली का? लोणच्याची बरणी आषाढात बंद केली आणि पाहुणे आल्यावर कार्तिकात उघडली, तेव्हा बुरशी दिसली तर दोष कोणाचा? जाणता कोठावळा दर महिन्याला कोणतीही एक टेप काढतो, तिच्यावरची एखादी फाइल निराळ्या यंत्रावर उतरवतो आणि उघडून पाहतो. किती वेळ लागला तेही लिहितो. ही परीक्षा कोणी त्याच्याकडे मागत नाही, तिच्यासाठी कोणी शाबासकी देत नाही. पण खरे काम तेच आहे. बॅकअप हा नुसता खर्च, त्याचे उत्पन्न म्हणजे रिस्टोअर.

ज्यांचे वीस-पंचवीस माणसांचे वर्कशॉप आहे त्यांनी मोठी लायब्ररी घ्यावी असे मी म्हणणार नाही. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी सांगितलेला तीन-दोन-एकचा नियम घरालाही पुरतो. प्रती तीन असाव्यात, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक घराबाहेर असावी. मी त्यात आपल्याकडची चौथी गोष्ट घालीन, ती म्हणजे एक वही. तारीख, काय ठेवले, कोठे ठेवले, कोणी ठेवले, शेवटचे उघडून कधी पाहिले. पाच रकाने, त्याला कसलीही यंत्रसामग्री लागत नाही. मुलीच्या लग्नाची छायाचित्रे, वडिलांच्या पेन्शनचे कागद, जमिनीचा सातबारा, या गोष्टी हरवल्यावर रडण्यापेक्षा दिवाळीच्या सुटीत दोन तास त्यांच्यासाठी काढलेले काय वाईट?

आणि ज्यांच्या हाती कारखाना वा कचेरी आहे त्यांनी आपल्या कोठावळ्याला एकदा जवळ बसवून दोनच प्रश्न विचारावेत. “बाबा रे, आपली शेवटची टेप आता या क्षणी कुठे आहे? आणि ती वाचून शेवटची कधी पाहिलीस?” उत्तर चटकन आले तर दिवाळीच्या बोनसात त्याच्या पाकिटात थोडे अधिक घालावे. उत्तर अडखळले तर त्याच्यावर डोळे वटारू नयेत. त्याला वेळ द्यावा, माणूस द्यावा, आणि पुढच्या महिन्यात हेच दोन प्रश्न पुन्हा विचारावेत.